ताऱ्यावरचे डाग आणि ताऱ्याचे स्पंदन: प्रकाशवक्रावरून फरक कसा ओळखावा

पावसाळा सरून ऑक्टोबरचे आकाश मोकळे झाले की कोल्हापूरच्या निरीक्षकाला रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या मोजमापासाठी दोन उत्तम तारे एकाच हंगामात मिळतात. गरुड तारकासमूहातील ईटा ॲक्विली ऑक्टोबरच्या मध्याला अंधार पडताच दक्षिणेकडे उंचावर असतो. महाश्वातील आयआय पेगासी नोव्हेंबरअखेर रात्री साडेआठच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो. पहिल्याचा आवर्तकाल ७.१८ दिवस, तर दुसऱ्याचा ६.७२ दिवस आहे. दोघांचेही तेज साधारण आठवड्यातून एकदा चढते आणि उतरते, त्यामुळे एकाच हंगामाची मापे कागदावर मांडली तर दोन्ही एकाच जातीचे वाटू शकतात; प्रत्यक्षात त्यांच्या तेजबदलाची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत.

ईटा ॲक्विली हा सेफीड, म्हणजे नियमितपणे स्पंदन करणाऱ्या ताऱ्यांच्या, वर्गातील तारा आहे. एडवर्ड पिगट यांनी १७८४ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा तेजबदल टिपला. त्याच्या बाह्य थरांतील हेलियम दाबला गेला की अधिक आयनीभूत होतो (इलेक्ट्रॉन गमावतो), आतून येणारी उष्णता अडवतो आणि थर बाहेर ढकलले जातात. पुढे ते विरळ होऊन उष्णता सुटते आणि थर पुन्हा आत येतात. म्हणजे येथे संपूर्ण तारा फुगतो-आकसतो आणि त्याच्या पृष्ठाचे तापमान शेकडो अंशांनी वरखाली होते. आयआय पेगासी मात्र फुगत नाही. तो एका सोबत्याभोवती इतक्या जवळून फिरतो की भरतीबलामुळे त्याचे परिवलन कक्षेच्या गतीशी जखडले गेले आहे. विषुववृत्ताशी सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेणाऱ्या सूर्यापेक्षा तो कितीतरी वेगाने फिरतो, आणि या वेगामुळेच त्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ झाले आहे. हे क्षेत्र आतून वर येणारी उष्णता जिथे रोखून धरते तिथे गडद डाग पडतात. सूर्याच्या पृष्ठाचा अर्धा टक्का भागही डागांनी क्वचितच व्यापला जातो. या ताऱ्यावर मात्र डागांचा पसारा पृष्ठाच्या फार मोठ्या भागावर असतो. डागाळलेली बाजू आपल्याकडे वळली की तारा मंदावतो.

कंदिलाची वात कमी-जास्त करणे आणि एका बाजूला काजळी धरलेला कंदील हळूहळू फिरवणे, असा हा भेद आहे.

प्रकाशवक्राच्या, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखाच्या, आकारावरून निवाडा करण्याचा मोह होतो, परंतु तेथेच घोटाळा आहे. ईटा ॲक्विलीचे तेज झपाट्याने चढते आणि सावकाश उतरते, आणि उतरताना वक्रात एक लहानसा फुगवटा दिसतो. डाग असलेल्या ताऱ्यावर वेगवेगळ्या रेखांशांवर दोन डागसमूह असतील तर त्याच्या वक्रातही असाच दुसरा उंचवटा येतो. फरक टिकाऊपणात आहे: सेफीडचा फुगवटा प्रत्येक आवर्तनात त्याच जागी सापडतो, तर डागांमुळे आलेला उंचवटा काही महिन्यांत सरकतो, वाढतो किंवा नाहीसा होतो. आयआय पेगासीचा तेजबदल एखाद्या हंगामात अर्ध्या प्रतीच्या (प्रत हे ताऱ्याचे तेज मोजण्याचे एकक) घरात जातो, तर दुसऱ्या हंगामात त्याच्या अंशावर येतो. तरीही केवळ तेजबदल कमी-जास्त झाला म्हणून डागच आहेत असे ठरवू नये, कारण आपला ध्रुवतारा हाही सेफीडच आहे आणि त्याचा आधीच अगदी लहान असलेला तेजबदल विसाव्या शतकात घटत जाऊन पुन्हा वाढू लागला.

म्हणून माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा रंगाचा आहे, आणि निळ्या व हिरव्या-पिवळ्या अशा दोन गाळण्यांतून मापे घेणे हे निरीक्षकाने ओझे मानू नये. दोन्ही तारे मंद होताना लालसर होतात. प्रश्न किती, हा आहे. स्पंदनात सगळे पृष्ठच थंड होत असल्याने ईटा ॲक्विलीचा रंगनिर्देशांक (दोन गाळण्यांतील प्रतींचा फरक) ०.३ प्रतीहून अधिक बदलतो. डाग मात्र इतका थंड असतो की एकूण प्रकाशात त्याचा वाटा नगण्य राहतो. उरलेला प्रकाश नेहमीच्याच तापमानाच्या पृष्ठाकडून येतो, आणि त्यामुळे तेजात ठळक घट होऊनही रंग प्रतीच्या काही शतांशांइतकाच ढळतो.

कोल्हापूरच्या परिस्थितीतून काही अडचणी येतात, पण त्यांतली एक उपयोगी पडते. जून ते सप्टेंबरच्या खंडात ईटा ॲक्विलीची सुमारे १७ आवर्तने होतात, आणि तरीही मे महिन्यातल्या पहाटेच्या मापांवरून ऑक्टोबरमधील महत्तम तेजाची वेळ आधीच काढता येते. आयआय पेगासीचे लघुतम तेज मात्र पावसाळ्यानंतर आवर्तनाच्या भलत्याच टप्प्यावर सापडू शकते, कारण दरम्यान डाग बदललेले असतात. हा खंडच एक चाचणी ठरतो.

दुसरी अडचण ऊस हंगामाची. गुऱ्हाळांचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर रोज सारखा नसतो, म्हणून ताऱ्याचे तेज छायाचित्राच्या त्याच चौकटीतील, साधारण त्याच रंगाच्या तुलनाताऱ्याशी ताडून पाहावे लागते. त्यातही तो तुलनातारा स्थिर आहे की नाही हे आणखी एका ताऱ्यावरून तपासावे. तिसरी अडचण रोज एकाच वेळी माप घेण्याची. तसे केल्यास ६.७२ दिवसांचे आवर्तन गणितात सुमारे १.१७ दिवसांचेही भासू शकते. यावर उपाय साधा आहे: एखाद्या रात्री चार-पाच तासांच्या अंतराने दोन मापे घ्यावीत. आवर्तकाल खरोखरच १.१७ दिवसांचा असेल तर तेवढ्या वेळात तेज ठळकपणे बदललेले दिसेल, ६.७२ दिवसांचा असेल तर फरक जेमतेम जाणवेल.

एवढे करूनही शंका उरली तर वर्णपटाकडे, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशातील रेषांकडे, वळावे लागते. स्पंदनशील ताऱ्याच्या सर्व रेषा आवर्तनाबरोबर एकत्रच पुढे-मागे सरकतात. डाग असलेल्या ताऱ्याच्या रेषांच्या आकारात एक उंचवटा एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाताना दिसतो, आणि कॅल्शियमच्या एच व के रेषांत चुंबकीय क्रियेचे उत्सर्जन आढळते.