ब्रश घ्यायला आलात तर कोरडा चाचपू नका, आधी भिजवून बघा

हे पत्रक भारीतला शेव्हिंग ब्रश घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आहे. तेच तेच काउंटरवर सांगून आमचा घसा बसतो आणि मागे उभे असलेले लोक कंटाळून निघून जातात, म्हणून एकदाच छापून टाकलं. ब्रशने फेस कसा करायचा वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतोय, साठ-सत्तर रुपयांचा प्लास्टिकचा ब्रश प्रत्येकाने कधी ना कधी वापरलेला असतोच.

होतं काय, माणूस दुकानात येतो, शोकेसमधला ब्रश हातात घेतो, अंगठ्याने केस इकडून तिकडे करतो, गालावर दोनदा फिरवतो आणि म्हणतो, ‘हो बरो मोव आसा, होच दी’ (हा छान मऊ आहे, हाच द्या). झालं, पाच मिनिटांत आठ-दहा हजारांची खरेदी. मग दोन-तीन आठवड्यांनी तोच ब्रश पिशवीतून परत येतो, साबण उठत नाही, केस तोंडावर लोळतात, तुमचा माल बरोबर नाही. माल बरोबर असतो हो. निवडला चुकीचा, कारण कोरडा निवडला.

जनावराचा केस कोरडा असताना एक वागतो आणि ओला झाला की वेगळंच वागतो, सगळी गोम इथे आहे. डुकराचा केस, ज्याला बोअर म्हणतात, तो कोरडा असताना अगदी खराट्यासारखा टोचतो, गालावर लावला की लोक तोंड वाकडं करून खाली ठेवतात, पण तो पाणी पितो, तीन-चार मिनिटं भिजला की काडी नरम पडते आणि रोजच्या वापराने प्रत्येक केसाचं टोक फाटून दोन-तीन धागे होतात, त्यामुळे महिना-दीड महिन्यात तोच ब्रश टोकाला मऊ आणि मुळाशी ताठ असा मस्त होतो. बॅजर, म्हणजे बिळात राहणारा एक जंगली प्राणी, त्याच्या केसाचं उलट. चांगला बॅजर कोरडा असतानाही मऊच लागतो, दहापैकी नऊ जण त्यालाच भुलतात, पण ओला झाल्यावर त्याच्यात ताठपणा किती उरतो ते कोरड्यावर अजिबात कळत नाही, काही ब्रश ओले झाले की पार मान टाकतात. सिंथेटिक पाणी पीतच नाही, त्यामुळे कोरडा आणि ओला यात त्याचा फारसा फरक नाही. थोडक्यात कोरडा चाचपून निवडता येईल असा हा एकच, आणि नेमका त्यालाच लोक ‘नायलॉन नको’ म्हणून बाजूला सारतात.

म्हणून आमच्याकडे पद्धत अशी आहे की काउंटरवर टेस्टर ब्रश ठेवलेले आहेत, बोअर, बॅजर, घोड्याचे केस, सिंथेटिक, सगळे. ते कोमट पाण्यात भिजवतो, हलके पिळतो आणि तुमच्या तळहातावर देतो. याला पंधरा मिनिटं लागतात, बोअर भिजायलाच वेळ जातो. ‘गाडी नो पार्किंगमध्ये आहे, पटकन द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतो, गाडी लावून या. काही जणांना हा आमचा आगाऊपणा वाटतो, वाटू दे. एकदा साबणात बुडवलेला ब्रश आम्ही परत घेत नाही, स्वच्छतेचा प्रश्न आहे, तुमच्यानंतर तो दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला तुम्हालाही आवडणार नाही. मग परत घेणार नाही म्हटल्यावर विकायच्या आधी पंधरा मिनिटं मागायचा हक्क आम्हाला आहे की नाही? टेस्टर प्रत्येक डेमोनंतर धुऊन जंतुनाशकात बुडवून वाळवतो, तेही विचारतात म्हणून सांगितलं.

तळहातावर बघायचं काय, तर ओला ब्रश उभा धरून टोकं हलकी दाबा, केस पसरले पाहिजेत आणि हात उचलला की आपोआप जागेवर आले पाहिजेत. लगेच उसळून आले तर ताठपणा भरपूर आहे, हळूहळू आले तर मध्यम, आणि तसेच आडवे पडून राहिले तर तो ब्रश वाडग्यात क्रीम घोटायला ठीक, वडीच्या साबणावर काम करणार नाही. मग गोल फिरवून बघा, टोकं टोचतात का ते तेव्हा कळतं. मुळाशी ताठ आणि टोकाला मऊ ही जोडी जमली की ब्रश जमला, नुसता मऊ म्हणजे चांगला नव्हे.

ताठपणा नुसत्या केसावर नसतो, केस मुठीबाहेर किती उंच आहेत त्यावरही असतो, त्याला लॉफ्ट म्हणतात. केसांचा गुच्छ, म्हणजे नॉट, आम्ही बाहेरून मागवतो आणि मुठी इथे लेथवर करतो, त्यामुळे गुच्छ किती खोल बसवायचा ते आमच्या हातात असतं. 24 मिमी रुंदीचा बॅजर 55 मिमी उंच ठेवला तर ऐटबाज दिसतो पण ओला झाला की लोळतो, तोच खोल बसवून 50 मिमीवर आणला की एकदम कामाचा. पण गिऱ्हाईक म्हणतं, अहो केस आत का घालवता, पैसे पूर्ण केसांचे घेता ना! आता काय बोलायचं. रुंदीचंही तसंच, 28 मिमी, 30 मिमी मागतात, मोठा म्हणजे भारी असं डोक्यात. मोठ्या ब्रशला साबण जास्त लागतो, अर्धा फेस पोटात ठेवून घेतो आणि मिशी ठेवणाऱ्याच्या तर नाकात जातो. बहुतेकांना 24 पुरतो, दाढी दाट आणि चेहरा रुंद असेल तर 26.

आता मुख्य प्रश्न जो आम्ही विचारतो आणि लोकांना वाटतं टाइमपास चाललाय, तुम्ही लावता काय? ट्यूबमधलं क्रीम लावत असाल तर जवळजवळ कुठलाही ब्रश चालतो, महागडा बॅजर घ्यायची गरजच नाही, चांगला सिंथेटिक घ्या आणि उरलेल्या पैशाचं क्रीम घ्या. वडीचा कडक साबण असेल तर ताठ ब्रश लागतो, बोअर किंवा आखूड लॉफ्टचा बॅजर. आपल्याकडे गोव्यात बऱ्याच घरांत पोर्तुगालहून कोणीतरी मुस्गो रिआल आणून देतं, ते क्रीम आहे, त्याला मऊ ब्रशसुद्धा छान चालतो. आणि पोर्तुगालहून काही मागवायचंच असेल तर सेमोग कंपनीचा बोअर ब्रश मागवा, किमतीच्या मानाने फार चांगला, आमच्याकडे नसला तरी सांगतो. पाण्याचंही बघा, ओपाच्या सरकारी पाणीपुरवठ्याच्या नळावर जो साबण भसाभस फेसतो तोच किनाऱ्याकडच्या एखाद्या मचूळ विहिरीच्या पाण्यात रुसतो, त्यात ब्रशचा दोष नसतो. तुमच्याकडे तसं पाणी असेल तर डेमोला येताना बाटलीभर घेऊन या, खरंच.

बॅजरच्या दर्जाबद्दल थोडं. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशी नावं असतात, पण सोन्याच्या कॅरेटसारखं त्यावर कोणाचं प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने नाव देते, त्यामुळे एकाचा सुपर दुसऱ्याच्या सिल्व्हरटिपपेक्षा सरस असू शकतो. बहुतेक केस चीनमधूनच येतात, मूठ इंग्लंडची असो की जर्मनीची. पांढरी टोकं बघून सिल्व्हरटिप समजू नका, ब्लीच करूनही टोकं पांढरी करतात. म्हणून ऑनलाइन फोटो दाखवून ‘तिथे अर्ध्या किमतीत सिल्व्हरटिप मिळतो’ म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, मागवा, ओला करून आमच्या टेस्टरच्या शेजारी ठेवून बघा.

केस कशाचा आहे ते आम्ही प्रत्येक ब्रशच्या डब्यावर मराठीत स्पष्ट लिहितो. डुकराचा केस धर्मामुळे किंवा मनाला पटत नाही म्हणून अनेकांना नको असतो, आणि ते घरी नेल्यावर कळण्यात अर्थ नाही. घोड्याचा केस आयाळीचा आणि शेपटीचा, कापून घेतात, त्याला घोडा मारावा लागत नाही, ताठपणात बोअर आणि बॅजरच्या मधला, भिजायला मिनिटभर पुरे. जनावराचं काहीच नको असेल तर सिंथेटिक, आणि आजचा सिंथेटिक म्हणजे जुना नायलॉन नव्हे, टोकं इतकी बारीक केलेली असतात की डोळे मिटून दिला तर बॅजर म्हणून घ्याल. एक जण दरवर्षी येऊन मुंगसाच्या केसांचा ब्रश आहे का विचारतात. नाही, आणि मिळणारही नाही, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली मुंगसाचे केस विकणं गुन्हा आहे, ते चित्रकलेच्या ब्रशात चोरून वापरायचे, दाढीशी त्याचा संबंध नाही.

ब्रश ठेवणार कुठे हे तर गोव्यात आधी विचारायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना पाणी सुटतं, चपला हिरव्या होतात, तिथे ओला बॅजर बाथरूमच्या बंद कपाटात ठेवला तर बुरशी धरणारच, मग वास येतो, मुळाशी साबण कुजतो आणि केस गळायला लागतात. स्टँडवर उलटा टांगायचा की उभा ठेवायचा यावर लोक भांडतात, आमचं मत विचाराल तर काही फरक पडत नाही, नीट धुवा, मुठीत धरून दाबून पाणी काढा, ओढू नका, टॉवेलवर दोन-चार वेळा फिरवा आणि वारा लागेल अशा जागी ठेवा, बाथरूमच्या बाहेर. पावसाळ्यात दोन ब्रश आलटून पालटून वापरले तर सगळ्यात बरं. (हो, यात आमचा एक ब्रश जास्त खपतो, पण दुसरा साधा सिंथेटिक घ्या ना, दीड हजारापासून आहेत.) बाथरूमला खिडकीच नसेल तर बॅजर घेऊच नका, आम्ही स्वतःहून सांगतो. शिपवर जाणाऱ्यांनाही तेच, ओला ब्रश बॅगेत कोंबून विमान पकडायचं असतं, सिंथेटिक तासाभरात बराच सुकतो.

पाणी कोमट घ्या. गिझरचं कढत पाणी ओतून लोक ब्रश भिजवतात आणि मग गुच्छ मुठीतून सुटला म्हणून येतात, कढत पाण्याने केस रखरखीत होतो आणि डिंकही ढिला पडतो. साबणाचा पांढरा थर जमला तर पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, माडाचं असेल तरी चालेल, पाच मिनिटं बुडवा आणि खळखळून धुवा. नव्या ब्रशचे पहिले काही दिवस थोडे केस गळतात आणि जनावराचा वास येतो, सौम्य शँपूने दोन-तीनदा धुतला की जातो. महिन्यानंतरही रोज केस पडत असतील तर घेऊन या, ती जबाबदारी आमची, गुच्छ फुकट बदलून देतो. पण मधोमध खड्डा पडून केस तुटलेले असले तर तो दाबून घासल्याचा प्रकार, ते बघितल्याबरोबर कळतं, तेव्हा वाद नको.

मुठीबद्दल फार लिहीत नाही, रेझिनची घ्या, आपल्या हवेला तीच टिकते. लाकडाची हवी तर पूर्ण सील केलेली, शिंग पाण्यात राहिलं की चिरतं, मुलामा दिलेलं पितळ किनाऱ्याजवळच्या घरात खाऱ्या हवेने डागाळतं. कुंकळ्ळीच्या चितारींच्या रंगीत लाखकामाची मूठ करून द्या अशी मागणी बरेच जण करतात, विशेषतः लग्नात भेट द्यायला. कला सुंदरच आहे, पण लाख गरम पाण्याने मऊ होते आणि रोज भिजून पांढरी पडते, म्हणून ब्रशला आम्ही ती लावत नाही, कोरडा राहणारा स्टँड तसा करून देऊ.

जुन्या घरांतून आजोबांचे ब्रश सापडतात, हस्तिदंती दिसणारी मूठ, केस झडलेले. ते टाकू नका, मूठ चांगली असेल तर जुना गुच्छ कोरून काढून नवा बसवून देतो, नव्या ब्रशच्या निम्म्यात काम होतं. जुने केस मात्र आम्ही पुन्हा वापरत नाही, कितीही आठवणीचे असले तरी. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशमधून इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांकडून येणारा एक रोग, झाल्याच्या केसेस आहेत, केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. आजचा माल निर्जंतुक होऊन येतो, पण कुठला, कधीचा ते माहीत नसलेला केस कोणाच्या गालाला लावायचा धोका आम्ही घेत नाही.

भेट म्हणून नेणार असाल तर ज्यांना द्यायचा ते काय लावतात तेवढं घरी गुपचूप बघून या, ट्यूबचा किंवा वडीचा फोटो काढून आणलात तरी भागतं. डेमोला येताना आपला साबण आणा, दाढी करून येऊ नका, एक दिवसाची वाढलेली असली तर टोकं टोचतात का ते गालावर नीट कळतं. दुकान दुपारी 1 ते 3.30 बंद असतं. आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची गर्दी असते, त्या दिवशी विक्री चालू, डेमो नाही, म्हणजे तुमचा पहिलाच ब्रश असेल तर शुक्रवार सोडून या.