पन्हाळ्याच्या चौपट उंचीवरचा कोळी

पावसाळा लागला की आमच्या कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर केसाळ कोळ्याचा एक फोटो हमखास फिरतो. कधी तो पन्हाळ्याचा असतो, कधी राधानगरीचा. खाली मजकूर ठरलेला: ‘चावला तर माणूस जागेवर खलास!’ हे केसाळ कोळी म्हणजे टॅरँटुला. त्यांच्या चाव्यानं माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद एकही नाही. दुखतं, सुजतं, बरं होतं. ‘कोळी मुतला’ म्हणून अंगावर फोड येतात हीही थापच. पट्ट्यानं उठणारे फोड बहुधा नागिणीचे असतात, आणि नागीण होते कांजिण्यांच्या विषाणूनं. अंगारे लावत बसू नका. औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं.

असो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हॅपालोट्रेमस गटातले टॅरँटुला 4000 मीटरच्याही वर राहतात. रात्री तिथं पाणी गोठतं, आणि ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के.

अशा थंडीत कोळी चालतो कसा? त्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच! पाय ताठ होतो तो रक्ताच्या दाबावर. डोकं आणि छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागातले स्नायू आवळतात, तिथला द्रव पायांत ढकलला जातो आणि सांधा उघडतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उचलतो, तसंच. मेलेला कोळी पाय मुडपून पडतो तो यामुळेच: दाब ओसरतो, आखडणारे स्नायू तेवढे उरतात.

आता हा द्रव गारठ्यात घट्ट होतो. पण नुसती ऊब वाढवूनही भागत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतले टॅरँटुला 15 ते 40 अंश सेल्सियसमध्ये पळवून पाहिले. उष्णतेत वेग सुमारे अडीचपट झाला, पण दाबावर उघडणाऱ्या सांध्यांचा ताळमेळ बिघडला. पाय इतके भराभर पडत होते, की द्रव आत-बाहेर व्हायला वेळच पुरत नसावा.

ऑक्सिजन अंगभर पोचवण्याचं काम रक्तातल्या हिमोसायनिन या तांबंयुक्त प्रथिनाकडे. टॅरँटुलात त्याचे 24 घटक एकत्र जोडलेले असतात. एकानं ऑक्सिजन पकडला की उरलेल्यांची पकड वाढत जाते. शिवाय निवांत बसलेल्या कोळ्याला ऑक्सिजन लागतोच किती!

बाकी सोय दगड करतो. उन्हानं तापलेला दगड खाली बसलेल्याला ऊब देतो, आणि भर दुपारी सावलीही.