पाणी उतरू लागलं की सॅल्मन

कोकणात मिरगाचा पाऊस पडून व्हाळ वाहायला लागले की रात्री बत्त्या घेऊन माणसं शेताच्या बांधांकडे धावतात. चढणीचे मासे! पाणी वरून आलं की मासा त्याच्या उलट निघतो, हे तिथल्या पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही. स्कॉटलंडच्या दक्षिणेला ट्वीड नदीवर हाच खेळ ऑक्टोबरात रंगतो. फक्त मासा दीड-दोन हात लांब असतो, पाणी हाडं गोठवणारं असतं, आणि कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभा राहिलेला माणूस मासा पकडून बहुतेक वेळा पुन्हा नदीत सोडून देतो.

हा मासा अटलांटिक सॅल्मन. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात, पण दोघांचं नातं फक्त पाटीवरचं.) नदीत जन्मायचं, दोन-तीन वर्षांनी समुद्रात जायचं, तिथे एक-दोन वर्षं खाऊन धष्टपुष्ट व्हायचं आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परतायचं, असा त्याचा क्रम. परतलेला सॅल्मन नदीच्या मुखाशी पावसाची वाट बघत थांबतो. नदी रोडावलेली असेल तर दिवसच्या दिवस थांबतो.

म्हणून तिथला गळवाला सकाळी उठून आधी नदीची पातळी बघतो. इटरिक, यारो, टेव्हिएट या उपनद्यांच्या डोंगरांवर पाऊस झाला की काही तासांत ट्वीड चढते. चढत्या पाण्यात गळ टाकणं म्हणजे निव्वळ मनस्ताप. पाणी गढूळ, आणि शरद ऋतू असल्याने झाडांची पिवळी पानं थव्याने वाहत येतात. दर फेकीला गळाला पानच. मासेही तेव्हा एका जागी नसतात, ते वाटेला लागलेले असतात. खरी वेळ त्यानंतरची. पूर ओसरू लागतो, पाणी निवळत जातं, चाललेले मासे डोहात दम खायला थांबतात, तेव्हा. कधी दोन दिवस मिळतात, कधी एक दुपार.

माशाला पाऊस कशासाठी लागतो? खोल पाण्यात खडकांवरून सरकता येतं, गढुळात पाणमांजराच्या नजरेतून सुटता येतं आणि गार पाण्यात श्वास सोपा होतो. 20 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 10 अंशाला 11 मिलिग्रॅमच्या वर. प्रवाहाशी झुंजत चढणाऱ्या प्राण्याला हा फरक मोठा आहे. सेलकर्कजवळ इटरिकवर जुना बंधारा आहे. पुरानंतर लोक तिथे नुसतं बघायला जमतात. बंधाऱ्याखाली पाणी आपटून जिथे वर उसळतं, त्या उसळीवर मासा स्वार होतो आणि शेपटीच्या एका हिसक्यात हवेत. निम्म्या उड्या फुकट जातात. मासा धप्पकन काँक्रीटवर आपटतो, घसरून खाली येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उडतो.

आपलीच नदी कशी ओळखतो, याचं उत्तर नाकात आहे. अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ आर्थर हॅसलर 1940च्या दशकात युटाच्या डोंगरात फिरत असताना धबधब्याजवळच्या शेवाळाचा नि रानफुलांचा वास त्यांना आला आणि लहानपणच्या विसरलेल्या आठवणी एकदम जाग्या झाल्या. माशालाही असंच होत असेल का? वॉरन विस्बींबरोबर त्यांनी 1951 मध्ये ही कल्पना मांडली. पुढे वॉशिंग्टन राज्यात जिथे दोन ओढे मिळतात तिथले कोहो सॅल्मन पकडून, काहींच्या नाकपुड्यांत बोळे घालून त्यांना पुन्हा खाली सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक बिनचूक आपल्या ओढ्याला गेले. बोळेवाल्यांचा गोंधळ उडाला. समुद्राकडे निघण्याच्या वयात पिल्लाच्या मेंदूत त्या पाण्याचा वास कोरला जातो, तो असा.

आता खरी गंमत. नदीत शिरलेला सॅल्मन काही खात नाही. त्याचं पोट आकसतं, पुढचे महिने तो अंगच्या चरबीवर काढतो. मग तो गळाला तोंड का लावतो? कोणी म्हणतं समुद्रातली सवय, कोणी म्हणतं राग, कोणी कुतूहल. एकमत नाही, आणि मला तर हे फार आवडतं: अनेक पिढ्या इतकी माणसं इतका पैसा ओतून भूक नसलेल्या प्राण्याला आमिष दाखवत आली आहेत. एवढं मात्र अनुभवाने पक्कं आहे की समुद्रातून नुकताच आलेला, चांदीसारखा लखलखता मासा चटकन धरतो. महिनाभर डोहात पडून तांबूस झालेला ढुंकून बघत नाही.

आमिष म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेली फ्लाय. 15 सप्टेंबरनंतर ट्वीडवर दुसरं काही चालत नाही. शरदातल्या फ्लाय बघाव्यात तर बहुतेक नारिंगी, लाल, तांब्याच्या रंगाच्या. हा नुसता शौक नाही. डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थरांतून झिरपलेलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. त्यातली द्रव्यं निळा प्रकाश शोषून घेतात. खोलवर पोचतो तो नारिंगी-लाल. अशा पाण्यात निळी फ्लाय काळपट दिसते, नारिंगी उठून दिसते.

साडेचार मीटरची दोन हातांनी धरायची काठी, मागे झाडं असतील तर दोरी मागे न नेता पाण्यावरूनच वळवून फेकायची, फ्लाय प्रवाहात आडवी झोकावत काठाशी येऊ द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. बऱ्याचदा दिवसभर एवढंच. ब्रिटनमधला काठीने पकडलेला सर्वांत मोठा सॅल्मन शरदातलाच: 7 ऑक्टोबर 1922, टे नदी, जॉर्जिना बॅलन्टाइन. वजन 64 पौंड, म्हणजे 29 किलो. दोन तासांहून जास्त ओढाताण चालली. शंभर वर्षं उलटली, विक्रम अजून त्यांचाच.

तसले मासे आता स्वप्नातच. 2023 मध्ये स्कॉटलंडभर काठीने जेमतेम 33 हजार जंगली सॅल्मन मिळाले. 1952 पासूनच्या नोंदीतला हा नीचांक. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमधल्या सॅल्मनची गणना संकटग्रस्तांत झाली. त्यामुळे 95 टक्क्यांहून अधिक मासे परत सोडले जातात. सोडण्याचीही रीत आहे: हात ओले करायचे, मासा पाण्याबाहेर उचलायचा नाही, तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या बुडाशी हलकेच धरून ठेवायचं. कल्ले उघडमीट करू लागतात, मग हातातली शेपूट एकदम ताठ होते आणि मासा नाहीसा. गाभोळीने भरलेली मादी असेल तर हे अधिकच जपून.

30 नोव्हेंबरला ट्वीडवरचा हंगाम संपतो. तेव्हा वरच्या ओढ्यांत माद्या कुशीवर होऊन शेपटीने वाळूगोट्यात खळगे करत असतात. अंडी घालून त्यावर गोटे लोटायचे, झालं. पुढचा हिशेब उष्णतेचा: रोजच्या पाण्याच्या तापमानाची बेरीज सुमारे 500 अंशांपर्यंत गेली की अंडं फुटतं. पाणी 5 अंशांवर राहिलं तर साधारण शंभर दिवस. मात्र या शंभर दिवसांत मोठा पूर आला तर गोटेच वाहून जातात, आणि आतली अंडीही.