पिकअप ट्रकची बदललेली उंची आणि ट्रेलर ओढण्याचे काम

पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप ट्रकची जमिनीपासूनची उंची कारखान्याने ठरवलेल्या मापापेक्षा कमी किंवा जास्त करून घेण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजलेली आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी गाडी कारखान्यातच हौदा बसवून विकायला काढली आणि पुढे हे वाहन शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या रोजच्या कामाचे झाले. हौशी लोकांच्या हाती आल्यावर त्याला दोन वाटा फुटल्या. दक्षिण कॅलिफोर्नियात शेव्हरोले सी-१० आणि लहान जपानी पिकअप जमिनीलगत बसवले गेले, तर डोंगर, वाळवंट आणि चिखलाच्या मुलखात ट्रक उंच करण्याकडे कल राहिला. या दोन्हींची चर्चा बहुधा दिसण्यावरून होते. माल भरताना आणि ट्रेलर ओढताना उंचीमुळे काय बदलते, हा खरा महत्त्वाचा भाग मागे पडतो.

कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रकची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित उंच ठेवलेली असते, कारण भार पडला की ती खाली बसून ट्रक समतल होतो. ट्रक खाली बसवताना पुढे वेगळे स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो भाग) किंवा आखूड स्प्रिंग घालतात. मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, वर असतील तर ते त्याच्या खाली घेतले जातात. पुढे ४ इंच व मागे ६ इंच उतरवणे हे रूढ प्रमाण आहे, आणि त्यात भारासाठी राखलेली मागची उंचीच संपते. मागे एवढे उतरवल्यावर ॲक्सल चॅसीला (ट्रकच्या पोलादी सांगाड्याला) भिडू नये म्हणून त्याच्या वरच्या भागात चॅसी अर्धगोल कापून पोलादी पट्टीने मजबूत करावी लागते. हे केले नाही, तर हौद्यात थोडे सिमेंट टाकताच ॲक्सल रबरी ठोकळ्यावर टेकतो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट चॅसीला बसतो. पाट्यांच्या जोडीला हवेचे फुगे बसवून भारानुसार हवा भरणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. उंच करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत केबिन व हौदा यांच्याखाली ठोकळे घालतात, चॅसी मात्र जागेवरच राहते. दुसरीत सस्पेन्शन (चाके आणि चॅसी यांमधली स्प्रिंगांची जोडणी) बदलून चॅसीसकट सगळा ट्रक वर जातो.

यांपैकी कोणत्याही बदलाने ट्रकची अधिकृत भारक्षमता वाढत नाही. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले एकूण वजन ॲक्सल, ब्रेक, चाके आणि चॅसी यांचा मिळून विचार करून ठरवलेले असते. जाड पाटे किंवा हवेचे फुगे लावल्याने मागची बाजू बसत नाही, एवढेच. ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी अमेरिकेत एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे मानक वापरतात. त्यातील एक कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किमी. लांबीच्या चढाची असून तो चढ वातानुकूलन चालू ठेवून ठरावीक किमान वेगाने पार करावा लागतो. त्यातून निघणारा आकडा मूळ उंचीच्या व मूळ टायरांच्या ट्रकचा असतो.

उंचीचा सर्वांत मोठा परिणाम जोडणीवर होतो. ट्रेलर ओढताना जमिनीशी समांतर राहायला हवा आणि त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या गोळ्यावर, यायला हवा. म्हणजे ३,००० किग्रॅ.च्या ट्रेलरसाठी हा भार ३०० ते ४५० किग्रॅ. होतो. ट्रक उंच असून बॉलही उंचच राहिला, तर ट्रेलरचे नाक वर उचलले जाते, जुळ्या ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये वजन मागच्या ॲक्सलकडे सरकते आणि ट्रेलर डोलू लागण्याचा धोका वाढतो. म्हणून बॉल खाली आणणारा लांब दांडा लावतात. पण हा दांडा जितका खाली उतरतो, तितकी ब्रेक मारताना ट्रेलरच्या रेट्याची तरफ लांबते आणि हिचच्या खोबणीवर पिळाचा ताण पडतो. खाली उतरवण्याचे माप वाढले की त्या दांड्याची क्षमता तपासूनच तो घ्यावा. बसक्या ट्रकला उलट, बॉल वर नेणारा दांडा लागतो, आणि पेट्रोल पंपाच्या किंवा घराच्या उतारावर हिच जमिनीला घासते. हौद्यात जोडायच्या मोठ्या ट्रेलरांच्या बाबतीत उंच ट्रकची अडचण आणखी वाढते: हौद्याच्या कडा ट्रेलरच्या पोटाजवळ येतात आणि खड्ड्यात त्या एकमेकांवर आदळू शकतात. अशा वेळी कित्येक जण ट्रेलरच उंच करून घेतात, म्हणजे एका बदलासाठी दुसरा बदल करावा लागतो.

हाताने माल चढवणाऱ्याला उंचीचा फरक सर्वांत आधी कळतो. २.४ मी. लांबीच्या फळीवरून मोटरसायकल चढवायची असेल, तर हौदा ६५ सेंमी. उंचीवर असताना चढ सुमारे १६ अंशांचा, ९० सेंमी.वर २२ अंशांचा आणि ११० सेंमी.वर २७ अंशांचा होतो. शेवटच्या चढावर एकट्या माणसाने गाडी ढकलणे धोक्याचे आहे. कारखान्यातले ट्रकही आता इतके उंच झाले आहेत, की शेव्हरोलेने २०१४ च्या सिल्व्हराडोत मागच्या बंपरच्या कोपऱ्यात पायरीच दिली. शहरात, पक्क्या रस्त्यावर काम करणाऱ्या माळ्याला किंवा रंगाऱ्याला बेताने खाली बसवलेला, मागे हवेचे फुगे असलेला ट्रक अधिक सोयीचा पडतो, असे या नोंदीचे मत आहे. शेतातली नांगरट, लाकूडतोडीची वाट किंवा बर्फ यांत मात्र जमिनीपासूनची मोकळी जागा लागतेच, आणि तिथे उंच ट्रकला पर्याय नाही.

उंच ट्रकला मोठे टायर आले, की गिअरचे गणित बिघडते. ३१ इंची टायरांऐवजी ३५ इंची लावले, तर ३.७३ चे अंतिम गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे होणारे फेरे) प्रत्यक्षात ३.३० सारखे वागते. चढावर इंजिनाचा दम कमी पडतो, गिअरबॉक्स तापतो, ब्रेकला जड चाके थांबवावी लागतात, आणि दुरुस्त न केलेला स्पीडोमीटर ताशी ६० मैल दाखवत असताना वेग जवळजवळ ६८ असतो. डिफरन्शियलमधले, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरपेटीतले, गिअर बदलणे हा यावरचा खर्चिक पण योग्य इलाज आहे. बसक्या ट्रकची कमजोरी वेगळी असते: दिखाऊ मोठ्या रिमांवर प्रवासी गाडीचे पातळ टायर चढवले जातात, आणि असे टायर ट्रकला लावल्यास त्यांची छापील भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते.

उलटण्याचा धोका मोजताना अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागते. उदाहरणादाखल, अंतर १७० सेंमी. व गुरुत्वमध्य ७२ सेंमी. धरल्यास उत्तर १.१८ येते; गुरुत्वमध्य १० सेंमी. वर गेला की ते १.०४ होते. खाली बसवलेला ट्रक या बाबतीत निश्चितच उजवा ठरतो. रॅम या अमेरिकी कंपनीने २०१३ पासून १५०० या ट्रकला चारही चाकांवर हवेचे सस्पेन्शन देऊ केले, त्यामुळे माल चढवताना ट्रक खाली आणि खडबडीत वाटेवर वर नेता येतो.

पुढची बाजू वर आणि मागची खाली ठेवण्याची, कॅरोलिना स्क्वॉट नावाची तऱ्हा कामासाठी सर्वांत वाईट आहे. तीत दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, चालकाला बॉनेटपुढचा रस्ता दिसत नाही, आणि ट्रेलरचा भार पडला की मागची बाजू आणखी बसते. नॉर्थ कॅरोलिनाने डिसेंबर २०२१ पासून तिच्यावर बंदी घातली. पुढे व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना यांनीही तसेच कायदे केले.

महाराष्ट्रात भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपला मागे जादा पाटा टाकून घेण्याची पद्धत आहे. त्याने मागची बाजू उचललेली राहते. ॲक्सल, ब्रेक आणि टायर यांची मर्यादा मात्र तीच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.