वाडा सुटतो, फ्लॅट फुटतो

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशिकच्या गावठाणात धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. भर पावसात एखादी भिंत खाली येतेच. मग वाडा उतरवला जातो आणि त्याच्या तुळया, खांब, चौकटी वखारीत जाऊन पडतात. तिथून त्यांचा पुढचा मुक्काम हल्ली बऱ्याचदा गंगापूर रोडकडच्या एखाद्या नव्या बंगल्यात असतो. कमी कार्बनचं (म्हणजे बांधताना हवेत कमी कार्बन सोडणारं) घर, जुन्या साहित्याचं इंटिरियर या आज नव्या वाटणाऱ्या मागणीची मुळं वाड्याच्या बांधणीतच आहेत.

हा सगळा मुलूख काळ्या बसाल्टचा, त्यामुळे जोतं दगडाचं. पेठ, सुरगाणा तालुक्यांच्या आणि पलीकडे गुजरातेतल्या डांगाच्या जंगलातलं सागवान, म्हणून सांगाडा लाकडाचा. मधल्या भिंती विटांच्या, चुन्यात रचलेल्या. सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्याच्या दगडी पायऱ्या आणि वरचे कोरीव सागवानी खांब पाहिले की ही वाटणी लगेच कळते. भार खांब-तुळयांवर, भिंत फक्त आडोशाला. लाकडात लाकूड अडकवून बसवलेलं, वर खुंटी ठोकलेली. खुंटी काढली की खांब आख्खा सुटतो.

विटेचंही तसंच. घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेला चुना विटेपेक्षा मऊ राहतो. थापीच्या टोकाने सांधा खरवडला, हलकासा ठोका दिला की वीट साबूत हातात येते. सिमेंटचा सांधा विटेहून टणक होतो, त्यामुळे भिंत तोडताना आधी वीट फुटते. जुनं साहित्य पुन्हा वापरता येणं हे त्या साहित्यापेक्षा त्याच्या सांध्यावर ठरतं, आणि इंटिरियरच्या चकचकीत फोटोंत नेमका सांधाच दिसत नाही.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ सालचं. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ मध्ये उत्पादन सुरू झालं. पण सामान्य माणसाच्या घरापर्यंत ते मोकळेपणाने यायला बराच काळ गेला, कारण स्वातंत्र्यानंतरही सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ मध्ये नियंत्रण अर्धवट उठलं, १९८९ मध्ये पूर्ण. नाशिक महापालिकाही १९८२ चीच. शहर वाढलं ते थेट आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये.

वाड्यांना दुसरा फटका बसला कायद्याचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. महिन्याला हातात पडणाऱ्या चिल्लरीत मालक कौलं तरी कशी शाकारणार? भाडेकरूही दुसऱ्याच्या भिंतीवर खर्च करेना. लाकूड वाळवीपेक्षा या भांडणानेच जास्त खाल्लं, असं माझं मत आहे.

कार्बनचा हिशेब त्यानंतर आला. माणूस जगभरात हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के वायू सिमेंट तयार करताना बाहेर पडतो. भट्टी १४५० अंशांवर जाते, आणि इंधन कितीही स्वच्छ वापरलं तरी चुनखडी भाजताना तिच्यातला वायू सुटायचा तो सुटतोच. चुन्याच्या भट्टीतूनही तो सुटतो. पण चुना ९०० अंशांच्या आसपास भाजतो आणि भिंतीत घट्ट होताना हवेतला बराच वायू परत शोषून घेतो. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. तुळई बंबात गेली की तो हवेत जातो, टेबल झाली की तिथेच अडकून राहतो.

वाड्याबाहेरची परंपराही विसरू नये. पेठ, त्र्यंबकच्या डोंगरात कारवीच्या झुडपाच्या काड्यांचा कूड उभा करून शेणमातीने लिंपलेली घरं अजून दिसतात. नैसर्गिक साहित्याच्या नावाखाली आज जे विकलं जातं, ते तिथे रोजचं आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आणि तो तोडणं, वाहून नेणं सोपं झालं. इकडे एकलहरेच्या औष्णिक केंद्राची राखही विटांना उपयोगी पडू शकते. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा केंद्रांच्या परिसरातल्या वीटभट्ट्यांना ती मिसळणं बंधनकारक केलं.

कोरीव खांब मात्र वातानुकूलित आरसीसी बंगल्यात नुसता शोभेला उभा केला, तर त्याने कार्बन फारसा वाचत नाही. वरचा स्लॅब खांबाच्या आधाराने उभाच नसतो.

फ्लॅट पाडल्यावर काय उरतं? सळई वितळायला जाते, बाकीचा राडारोडा भरावात. चिकटवलेली फरशी निघताना फुटते. बांधकाम कचऱ्याचे नियम २०१६ मध्ये आले. त्यांत कचरा वेगळा करून त्यावर प्रक्रिया करायला सांगितलं, पण सुटणारा सांधा काही नियमाने येत नाही. जे वास्तुविशारद आज भिंत चुन्यात आणि लाकूड बोल्टवर मागतात, त्यांची अडचण साधी आहे: चुना भिजवून मुरवावा लागतो, गिलावा सुकायला वेळ घेतो आणि कंत्राटदाराला स्लॅबची तारीख गाठायची असते.