आधी आळणी, मग रस्सा: खान्देशी मटणाची पार्श्वभूमी

खान्देशात पहिल्यांदा मटणाच्या पंगतीला बसणारे दोन तऱ्हेचे असतात. एक बाहेरचा, धुळ्याला किंवा जळगावला बदली होऊन आलेला. मटण त्याने आधी खाल्लेलं असतं, पण पुढ्यात आलेला काळाभोर, वर तेलाचा तवंग असलेला रस्सा त्याला नवा असतो. दुसरा इथलाच, माळकरी घरातला. त्याचं बरोबर उलटं. तो रस्सा त्याच्या जिभेला लहानपणापासून ठाऊक असतो, कारण घरची शेवभाजी आणि वांग्याची भाजी त्याच वाटणात होते. त्याला नवं असतं ते मांस.

मी दुसऱ्यातला. बाविसाव्या वर्षी एका मित्राच्या मुलाच्या जाऊळला गेलो. शेतात, निंबाच्या सावलीत, तीन दगडांच्या चुलीवर मोठं भगोनं चढलेलं होतं. मित्राच्या आईने वाटीत पिवळट पाणी ओतून माझ्या हातात दिलं. "पह्यले आयनी पी भाऊ, मंग रस्सा." आयनी म्हणजे आळणी. हळद, मीठ, थोडं आलं-लसूण घालून शिजवलेल्या मटणाचं पाणी, मसाला पडायच्या आधीचं. अहिराणीत बऱ्याच शब्दांतल्या 'ळ'चा 'य' होतो, म्हणून काळा मसालाही 'काया मसाला'. मांसाची स्वतःची चव त्या वाटीत कळली. त्यानंतर रस्सा आला तेव्हा मसाला कुठला आणि बोकड कुठला हे मला वेगवेगळं ओळखता आलं. पहिल्यांदा खाणाऱ्या प्रत्येकाला मी आजही हाच क्रम सांगतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. इंग्रजीत मटण म्हणजे मोठ्या मेंढीचं मांस. हा शब्द त्या भाषेत फ्रेंचांकडून आला. आपल्याकडे येऊन तो बोकडाला चिकटला, आणि त्याला कारण आहे: २०१९च्या पशुगणनेत देशात शेळ्या १४ कोटी ८८ लाख भरल्या, मेंढ्या ७ कोटी ४२ लाख. दुप्पट. साक्री, शिंदखेड्याकडे ठेलारी मेंढपाळांचे कळप आहेत, तिकडे मेंढीचंही मांस खातात. पण जाऊळ किंवा नवस म्हटला की बोकडच लागतो.

शेळी माणसाळली ती इराणच्या झाग्रोस डोंगरांत, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. आपल्याकडेही ती फार जुनी आहे. तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव पुरातत्त्वज्ञांनी एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला दिलं आहे. तिचा काळ इ.स.पू. २०००च्या आसपासचा. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाश्याला १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तिथेही ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती निघाली. महाराष्ट्रातल्या या काळच्या वस्त्यांत, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, गाई-बैलांच्या हाडांबरोबर शेळ्या-मेंढ्यांची हाडं सापडली आहेत. चरकसंहितेतही बोकडाचं मांस आहे: फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्ध नाही, माणसाच्या शरीरधातूंशी मिळतंजुळतं आणि बळ देणारं. बाळंतिणीला किंवा तापातून उठलेल्याला बोकडाच्या पायाचं पाणी देणाऱ्या बायांनी चरक वाचलेला नव्हता, पण त्या त्याच वाटेवर होत्या.

पाऊस बेताचा असलेल्या मुलखात शेळी टिकते. गाईला चारा लागतो, शेळी बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरचं काहीही ओरबाडून जगते. दुष्काळात बैल विकावा लागला तरी दोन शेळ्या दारात राहत. मटण हे श्रीमंती खाणं आहे असं आज भाव बघून वाटतं. पण ज्या जनावरावर ते उभं आहे ते भूमिहीनाच्या, भिल्लाच्या, विधवेच्या दारातलं आहे, हे मला विसरता येत नाही.

शेळीची चरबी मांसात फारशी मुरत नाही, ती आतड्याभोवती आणि गुर्द्याभोवती साठते. त्यामुळे मांस कोरडं, घट्ट. मंद आचेवर वेळ द्यावाच लागतो, तेव्हा कुठे हाडाजवळचे चिवट धागे विरघळून रस्सा अंगाला येतो. आणि चरबीची उणीव तेलाने भरून काढावी लागते. वर तरंगणारी तर्री बघून बाहेरचा माणूस दचकतो, पण तिचं मूळ या कोरड्या मांसात आहे. काहींना धास्ती असते ती वासाची. तो वास मोठ्या झालेल्या, न खच्ची केलेल्या बोकडाचा. नराच्या शिंगांमागच्या ग्रंथींतून तो येतो. म्हणूनच लहानपणी खच्ची केलेल्या खस्सी बोकडाला मागणी असते, आणि जाणता माणूस दात बघितल्याशिवाय सौदा करत नाही.

आता काळा मसाला. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचंच, कारण त्यातलं निम्मं सामान खान्देशात पिकतच नाही. खोबरं किनाऱ्याचं. लवंग, दालचिनी, मिरे दक्षिणेकडचे किंवा समुद्रापलीकडचे. मग हे सगळं तापीखोऱ्यात आलं कसं? सुरत बंदराहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता याच खोऱ्यातून, नवापूर-नंदुरबारवरून जायचा. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी; १६०१ मध्ये असीरगड पडला आणि अकबराने खान्देश घेतला, त्यानंतर ते मोगलांचं दख्खनचं मोठं ठाणं झालं. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए या वाटेने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुक लिहून गेला. लमाणांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. अशा रहदारीच्या मुलखात सुकं खोबरं आणि गरम मसाला गावच्या दुकानापर्यंत पोचणं कठीण नव्हतं. ओला नारळ वाटेत टिकत नाही, सुकं खोबरं टिकतं. म्हणून कोकणात वाटण ओल्या खोबऱ्याचं, आणि आमच्याकडे खोबऱ्याची अख्खी वाटी निखाऱ्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कांदाही सालासकट विस्तवात टाकायचा. रश्श्याचा काळा रंग मुख्यतः या भाजण्याचा आहे, त्यात दगडफुलाची भर.

तिखट मात्र अलीकडचं. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. आज नंदुरबार हे देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एक आहे. हंगामात शहराबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि रस्त्यावरून जाताना ठसका लागतो. भुईमूगही तिकडूनच आलेला. त्याआधी तेल तिळाचं, करडईचं होतं. म्हणजे शेंगतेलाची लाल-काळी तर्री आणि तो झणका, ज्याला आपण बापजाद्यांची चव म्हणतो, तो फारुकींच्या सुरुवातीच्या काळात कुणी चाखलेला नव्हता. त्याने माझ्या लेखी चव कमी होत नाही. आलेलं सामान इथल्या बायांनी पाट्यावर वाटून इतकं आपलं केलं, की ते उपरं वाटेनासं झालं.

मटण जेवायचे दिवसही ठरलेले. आषाढात जोरात, श्रावणात बंद, सणाच्या दुसऱ्या दिवशी कर. गावात चार-सहा घरं मिळून बोकड घ्यायची आणि वाटे पाडायचे. नवसाचा बोकड वेगळा. वणीच्या सप्तशृंगीला चैत्रात खान्देशातून हजारो लोक पायी जातात. गडावर दसऱ्याला बोकडबळीची जुनी प्रथा होती; २०१६ मध्ये त्या वेळी बंदुकीच्या सलामीत लोक जखमी झाले, मग प्रशासनाने बळी बंद केला आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली.

आणि तरी याच खान्देशात मुक्ताईचं मेहूण आहे, वारकरी आहेत, महानुभाव आहेत, जैन आहेत. कित्येक घरांत मटण खाणारे आणि माळकरी एकाच छपराखाली राहतात. तिथे मटणाची चूल मागच्या अंगणात, भगोनं वेगळं, पळी वेगळी, आणि ती भांडी घासून पुन्हा बाहेरच पालथी ठेवायची. माझ्या काकांच्या घरी असंच होतं. काकू माळ घातलेली, मटणाला हात लावत नसे. पण काकांसाठीचं वाटण तीच वाटायची, कारण तिच्यासारखं खोबरं कुणाला भाजता येत नव्हतं. त्यातलं अर्धं वाटण मागच्या दारी जायचं, अर्ध्यात ती आमच्यासाठी शेवभाजी करायची. कळण्याची भाकरी दोन्हीकडे तीच, ज्वारी-उडदाची, गरम, कुस्करून.