टर्बो गाडीचे नवे इनटेक आणि बिघडलेले आयडलिंग

टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) असलेल्या गाडीला मोठ्या व्यासाचे इनटेक, म्हणजे हवा आत नेणारी नळी आणि फिल्टर, बसवले जाते ते पूर्ण भारावर इंजिनाला हवा मोकळेपणाने मिळावी म्हणून. ते नीट बसले आहे की नाही याचा निकाल मात्र गाडी सिग्नलला उभी असताना लागतो. इंजिनाचे फेरे खाली-वर होऊ लागतात, क्लच दाबून थांबताना गाडी बंद पडते, सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीनदा स्टार्टर मारावा लागतो. अशा वेळी आयडलिंगचे, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असतानाचे, फेरे थोडे वाढवून देण्याचा उपाय हटकून सुचवला जातो. त्याने तक्रार काही दिवस दबते, पण बिघाड आहे तिथेच राहतो, कारण तो बहुतेक वेळा आयडलिंगच्या नियंत्रणात नसून हवेच्या मोजमापात असतो.

उदाहरणादाखल सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेऊ. अमेरिकेत २००२ च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या या टर्बो गाडीत असे बदल फार मोठ्या प्रमाणावर झाले आहेत, आणि तिच्या ईसीयूचे, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाचे, वागणे हौशी ट्यूनर मंडळींनी बारकाईने तपासलेले आहे. या गाडीत एअर फिल्टरच्या लगेच पुढे मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे हवेचा वस्तुमान-प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्यानंतर टर्बो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, हवा कमी-जास्त करणारी झडप म्हणजे थ्रॉटल आणि शेवटी सिलिंडरांना हवा वाटणारा मॅनिफोल्ड असा हवेचा मार्ग आहे. या सेन्सरमधला बारीकसा घटक वीज देऊन आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेला असतो. वाहती हवा त्याची उष्णता काढून घेते, आणि तापमान टिकवण्यासाठी जेवढी वीज द्यावी लागते, तिच्यावरून हवेचा अंदाज बांधला जातो. तापलेल्या तारेवरून वारा वाहताना किती उष्णता जाते, याचे गणित भौतिकशास्त्रज्ञ लुई किंग यांनी १९१४ मध्ये मांडले. आजचे सेन्सरही मुळात त्याच तत्त्वावर चालतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सेन्सर पाइपमधली सगळी हवा मोजत नाही. आपल्या छोट्याशा खिडकीतून जाणाऱ्या हवेचा परिणाम तेवढा तो जाणतो, आणि ईसीयूमधला तक्ता ‘इतके व्होल्ट म्हणजे सेकंदाला इतके ग्रॅम’ असे त्याचे भाषांतर करतो. तो तक्ता मूळ नळीच्या व्यासासाठी बनवलेला असतो. समजा, सेन्सरजवळचा व्यास ६५ मिलिमीटरवरून ७५ मिलिमीटर झाला. व्यास दहा मिलिमीटरनेच वाढला, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तेवढीच हवा आता तीन-चतुर्थांश वेगाने वाहते. ईसीयूला वाटते की हवाच कमी आली, आणि तो इंधनही तितकेच कमी सोडतो. पेट्रोलला लागणारे हवा-इंधनाचे १४.७ ला १ हे प्रमाण मग १९.६ ला १ च्या आसपास जाऊन पोहोचते. इतके पातळ, म्हणजे इंधन कमी असलेले, मिश्रण आयडलिंगला धड पेटत नाही.

ही चूक सगळ्या फेऱ्यांवर होत असेल, तर त्रास आयडलिंगलाच का जाणवतो? अडीच लिटरचे गरम इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर सेकंदाला साधारण साडेतीन ग्रॅम हवा घेते, तर पूर्ण बूस्टवर, म्हणजे टर्बो पुरता दाब देत असताना, तेच इंजिन २५० ग्रॅमच्या घरात जाते. ७० मिलिमीटरच्या नळीत पहिल्या स्थितीत हवेचा वेग ताशी पावणेतीन किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याइतका असतो, आणि दुसऱ्या स्थितीत ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळ. एकाच सेन्सरने दोन्ही टोके सांभाळायची म्हणजे धान्याची पोती तोलायच्या काट्यावर वेलदोडे तोलण्यासारखे आहे. आयडलिंगच्या पट्ट्यात व्होल्टमधला किंचित फरकही प्रवाहाचा मोठा हिस्सा इकडचा तिकडे करतो. शिवाय वेग इतका कमी असताना जवळचे वळण, सांध्याची कडा किंवा फिल्टरचा आकार यांनी प्रवाह सहज एका बाजूला झुकतो. म्हणूनच शंकूच्या आकाराचा फिल्टर थोडा फिरवून पुन्हा आवळला, तरी कधी कधी आकडे बदललेले दिसतात. पुष्कळ गाड्यांच्या मूळ नळीत सेन्सरच्या आधी जाळी असते, ती प्रवाह सरळ करण्यासाठी. स्वस्त इनटेकमध्ये बहुधा हीच जाळी गाळलेली असते.

इंजिन गरम झाल्यावर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि ईसीयू इंधनात टक्केवारीने भर घालतो किंवा कपात करतो. याला फ्युएल ट्रिम म्हणतात. त्याचा एक भाग क्षणोक्षणी बदलतो, दुसरा शिकून लक्षात ठेवला जातो. ट्रिमला मर्यादा असते. ती ओलांडली की इंजिनाचा दिवा लागतो आणि मिश्रण पातळ असल्याचा पी ०१७१ हा कोड नोंदला जातो. थंड इंजिनात ऑक्सिजन सेन्सर तापेपर्यंत तर ही ताजी दुरुस्ती उपलब्धच नसते, आणि सकाळच्या पहिल्या मिनिटातली तक्रार याच कारणाने सर्वांत जास्त असते.

आता खुद्द आयडलिंगच्या नियंत्रणाकडे वळू. ईसीयूच्या हातात दोन साधने असतात. पहिले साधन हवा: जुन्या गाड्यांत थ्रॉटलला वळसा घालून हवा सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह असे, नव्या गाड्यांत थ्रॉटलची पाकळीच मोटर अंशाअंशाने हलवते. दुसरे साधन ठिणगीची वेळ. हवेने शक्ती भरपूर बदलता येते, पण मॅनिफोल्ड भरायला आणि रिकामा व्हायला वेळ लागतो, त्यामुळे परिणाम उशिरा दिसतो. ठिणगीचा परिणाम मात्र लगेचच्या ज्वलनात दिसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात ७०० फेऱ्यांवर दर ४३ मिलिसेकंदांनी एक ज्वलन होत असते. आयडलिंगला ठिणगी मुद्दामच सर्वोत्तम वेळेपेक्षा मागे ठेवतात, ती यासाठी की एसीचा कॉम्प्रेसर अचानक जोडला गेला तर ती पुढे सरकवून क्षणात थोडी शक्ती काढता यावी. हवेचे मोजमाप चुकले की ही व्यवस्था स्वतःशीच भांडू लागते. हवा कमी आहे असे समजून ईसीयू थ्रॉटल उघडतो, फेरे वाढतात, मग ठिणगी मागे घेऊन तो ते उतरवतो. तोवर इंधनाची दुरुस्ती आपल्या विलंबाने येऊन पोहोचते आणि चक्र पुन्हा सुरू होते. फेरे हेलकावे खातात ते यामुळे.

टर्बो गाडीत याला आणखी एक गाठ आहे, ती ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची. थ्रॉटल अचानक मिटला की टर्बोने दाबलेली हवा अडकते, आणि ती सोडण्यासाठी हा व्हॉल्व्ह उघडतो. मूळ रचनेत ती हवा सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाशी परत जाते. आवाजासाठी ती बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, तर मोजून झालेली आणि इंधनाच्या हिशेबात धरलेली हवा इंजिनापर्यंत जातच नाही. मिश्रण क्षणभर घट्ट होते, म्हणजे त्यात इंधन जास्त होते, आणि सिग्नलपाशी क्लच दाबताच इंजिन गुदमरते. याच व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम असेल, तर नेमका उलटा दोष दिसतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमधल्या निर्वातामुळे तो किंचित उघडाच राहतो आणि न मोजलेली हवा आत खेचली जाऊन मिश्रण पातळ होते. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीत सेन्सर असा टर्बोच्या आधी असताना हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लावणे हा निव्वळ आवाजाचा हव्यास आहे. आखूड इनटेकमध्ये मूळ व्हॉल्व्ह ठेवूनही हवेचा उलटा झोत सेन्सरपर्यंत येऊ शकतो, आणि साध्या तापलेल्या घटकाला दिशा कळत नसल्याने तो परत जाणारी हवाही आलेली म्हणून मोजतो. उलटा प्रवाह ओळखणारे सेन्सर आहेत, पण ते सगळ्या गाड्यांत नसतात.

दुरुस्तीचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आधी गळती शोधावी: धूर सोडून प्रत्येक सांधा, क्रँककेसच्या वायूंची नळी आणि क्लॅम्प तपासावेत. थ्रॉटलनंतरच्या बारीक छिद्रातून येणारी हवा आयडलिंगला एकूण हवेच्या दहा-वीस टक्के असू शकते आणि वेगात ती नगण्य ठरते. त्यामुळे ट्रिम फक्त आयडलिंगला चढलेला असेल, तर संशय तक्त्यावर न घेता गळतीवर घ्यावा. गळती नाही अशी खात्री झाल्यावरच सेन्सरच्या तक्त्याला हात लावावा. इंजिन पूर्ण गरम आणि एसी बंद असताना व्होल्ट व दोन्ही ट्रिमची नोंद करतात आणि त्या त्या व्होल्टचा प्रवाह तेवढ्या टक्क्यांनी बदलतात, १.३ व्होल्टला एकूण ट्रिम अधिक १५ असेल, तर तिथला आकडा १५ टक्के वाढवायचा आणि आजूबाजूचे आकडे वक्र तुटणार नाही असे जुळवून घ्यायचे. ट्रिम पाचेक टक्क्यांच्या आत स्थिरावल्यावर थ्रॉटलची पायाभूत हवा, थ्रॉटल सावकाश मिटण्याचा वेग आणि सर्वांत शेवटी गरज उरलीच तर लक्ष्य फेरे, या क्रमाने पुढे जावे.

सुबारूचा ईसीयू शिकलेला ट्रिम प्रवाहाच्या चार पट्ट्यांत साठवतो, आणि सेकंदाला ४० ग्रॅमच्या वरचा पट्टा पूर्ण बूस्टवरही लागू होतो, जिथे ऑक्सिजन सेन्सरची ताजी दुरुस्ती चालू नसते. शिवाय इंजिनावरचा भार ईसीयू याच मोजमापावरून काढतो. हवा कमी मोजली गेली, तर भार कमी धरला जातो, ठिणगी जास्त पुढे येते आणि बूस्टमध्ये नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणे) होऊन पिस्टनला इजा होऊ शकते. आयडलिंगचा त्रास निदान ऐकू तरी येतो. हा धोका पुष्कळदा उशिरा कळतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक छोट्या टर्बो-पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतो. तिथे मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून हवेचा हिशेब होतो. अशा गाडीत इनटेकची नळी बदलल्याने मोजमाप बिघडत नाही. तरीही नव्या इनटेकनंतर आयडलिंग बिघडले, तर काम करताना निसटलेली एखादी नळी, तडकलेला प्लास्टिकचा सांधा किंवा नीट न बसलेला कनेक्टर आधी पाहावा. तक्ता बदलण्याचे कारण तिथे सहसा नसतेच.